शेजारच्या सीटच्या जागी कॅमेरा

भिलाईला कुणी हौसेनं जात नाही. लोक तिथं नोकरीला जातात, नाहीतर नोकरीला गेलेल्यांकडे जातात. मीही तसाच गेलो, धाकट्या बहिणीकडे, थंडीच्या दिवसांत, खांद्यावर दोन व्हिडिओ कॅमेरे आणि मनात घोर घेऊन.

घोर कॅमेऱ्यांचा होता. निदान जाताना तरी तसंच वाटत होतं. मी पुण्यात लग्नांचं शूटिंग करतो. माझा स्वतःचा कॅमेरा म्हणजे खांद्यावर घ्यायचं मोठं धूड. त्यात व्हीसीआरची कॅसेट जशीच्या तशी बसते. दुसरा तळहातावर मावणारा हँडीकॅम. तो एका मित्राचा होता, त्याच्या भावानं परदेशातून आणलेला. मित्रानं देताना दहा वेळा बजावलं होतं. मी तो रजईत गुंडाळून, उशाशी घेऊन नागपूरपर्यंत जागाच राहिलो. नागपूरनंतर डोळा लागला आणि जाग आली ती लोणच्याच्या वासानं. समोरच्या काकूंनी बरणी कॅमेऱ्याच्या बॅगेवर ठेवली होती आणि तेल झिरपत होतं. सुदैवानं ती मोठ्या कॅमेऱ्याची बॅग. त्या बॅगेला अजून आंब्याचा वास येतो.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. माझी बहीण वंदना भिलाईच्या एका सेक्टरमध्ये राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. तिचे यजमान प्रकाशराव स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर. शॉपच्या, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या शेडच्या, छताखाली रुळांवरून सरकणाऱ्या क्रेनवर बसून ते तापलेलं लोखंड इकडून तिकडे नेतात. त्यांना गाड्यांचं वेड. सेकंडहँड घेतलेली एक लहान पांढरी मोटार त्यांनी स्वतःच्या हातांनी खोलून पुन्हा जोडली आहे. भिलाई, दुर्ग, रायपूरकडचे असे आठ-दहा वेडे मिळून वर्षातून एक दिवस उतईच्या पुढे एका जुन्या, वापरात नसलेल्या हवाई पट्टीवर गाड्या पळवतात. शर्यत नाही, एकेकानं सुटायचं, ड्रम आणि टायर मांडून केलेल्या वळणांतून फेऱ्या मारायच्या.

प्रकाशरावांनी एसटीडीवरून फोन केला होता. "दादा, वळणावर माही गाडी कुठं सुटते, ते मले पाहाचं आहे. गाडीत कॅमेरा बसवून देता काय?"

जावयानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी हो म्हणालो.

दुर्ग

स्टेशनवर प्रकाशराव गाडी घेऊन आले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल. जय भीम केला, दोन्ही बॅगा माझ्या हातून ओढून घेतल्या आणि मागच्या सीटवर लहान मूल निजवावं तशा निजवल्या. गाडी सुरेख चालवत होते. हायवेला ट्रकची रांग होती, पण माणूस कुठं घाई नाही, कुठं उगाच हॉर्न नाही. पुण्यात मी रोज जे सोसतो त्यापुढे हे म्हणजे भजन ऐकल्यासारखं होतं.

एका चौकात गाई रस्ता ओलांडत होत्या म्हणून थांबलो. गाई गेल्या. आम्ही थांबलेलेच. मागून हॉर्न वाजायला लागले. मी प्रकाशरावांकडे पाहिलं, ते समोर पाहत होते, काहीतरी चघळल्यासारखं ओठ हलत होते. मला वाटलं, तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, असेल. मग त्यांनी गिअर टाकला आणि म्हणाले, "हं, तर तुमचा पुण्याचा पाऊस कसा झाला यंदा?"

पुण्याचा पाऊस त्यांनी गाई यायच्या आधी विचारला होता आणि मी उत्तरही दिलं होतं. पण रात्रभर झोप नव्हती. मी पुन्हा सांगितलं.

सेक्टर

सेक्टरमधली क्वार्टरं पाहिली की मला पुण्याच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांची लाज वाटते. सरळ रस्ते, दोन्हीकडे झाडं, प्रत्येक घराला अंगण. वंदनाच्या अंगणात सांबार लावलेला. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात हा शब्द वापरला की लोक इडली शोधतात. जेवायला पाटवडीचा रस्सा होता, पण भाकरीच्या जागी भाताचा डोंगर. "इथं राहून राहून आमीबी भातखाऊ झालो," वंदना म्हणाली. बाजूला शेजारणीनं दिलेली ठेठरी, बेसनाची जाड कडक शेव म्हणा, मीठ अंमळ जास्त. बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोखाली टीव्ही आणि टीव्हीवर क्रोशाचं झाकण.

माझी भाची पल्लवी चौथीत आहे. घरात मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. जेवताना तिनं मला सांगितलं, "मामा, पापा स्टॅच्यू बहुत अच्छा खेलते हैं. मैं बोलती भी नहीं, अपने आप स्टॅच्यू हो जाते हैं."

प्रकाशराव हसले. वंदना हसली नाही. तिनं पल्लवीच्या पानात भात वाढला, तिनं मागितला नव्हता तरी.

दुपारी प्रकाशराव सेकंड शिफ्टला गेले. पल्लवी शेजारी खेळायला गेली. मी ओसरीत बॅटऱ्या चार्जिंगला लावत होतो. वंदना येऊन माझ्यासमोर खालीच बसली.

"दादा, एक काम करशील? तू रस्ता नोको घेऊ. यायचं तोंड घे."

"कुणाचं?"

"यायचं. गाडी चालवतानी." म्हणजे ह्यांचं, प्रकाशरावांचं.

मी विचारलं, कावून? इतक्या वर्षांनी माझ्याही तोंडून 'का'च्या जागी आमच्या घरचा जुना शब्द आला.

मग तिनं सांगितलं. वर्षभरापासून चाललं होतं. प्रकाशराव मधेच कुठंतरी जातात. चहाची बशी हातात तशीच राहते, डोळे उघडे, ओठ चघळल्यासारखे हलतात, बोटं शर्टाचं बटण चाचपत राहतात. हाक मारली तरी ऐकू जात नाही. थोड्या वेळानं परत येतात आणि मधलं काही झालंच नाही असं पुढं बोलायला लागतात. एकदा स्कूटरवर झालं होतं. पल्लवी पुढं उभी होती. स्कूटर हळूहळू नालीकडे गेली आणि वंदनानं मागून हँडल धरलं.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगितलं. पहिल्या वेळी हसले. दुसऱ्या वेळी म्हणाले, तू माही नोकरी घालवाले पाहून राहिली काय. त्यायले खरंच मालूम नाही पडत, दादा. मी सांगतो ते त्यायले खोटंच वाटते."

"डॉक्टरकडे?"

"दवाखाना प्लांटचाच. तिथं कागदावर चढलं का क्रेन गेली." तिनं समोरची चार्जरची वायर बाजूला सारली. "पण क्रेन जावो ना. मले रोज तेच दिसते. खाली मानसं रायतात, दादा. हे वर असं बसून राहिले आन् हातात..."

माझ्या डोळ्यांसमोर चौकातल्या गाई आल्या, आणि ते चघळणारे ओठ. खर्रा नव्हता तो.

"मग त्यांना हवाई पट्टीवर गाडी चालवूच कशाला द्यायची? मी सांगतो, कॅमेरा बिघडला म्हणून."

"कॅमेरा नसला तरी जातीन. मागच्या वर्षी तापात गेले होते. तिथं निदान समोरून कोणी येत नाही. तू बस बाजूले. तू राहशील तर मले धीर राहीन."

मी म्हणालो, मी शेजारी बसतो. हात हँडब्रेकवर ठेवतो. हे तिला सांगताना मला मोठं काम केल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर काय सांगायचं? तुम्हाला फिट येते? आमच्याकडे जावयाला भाजीत मीठ कमी आहे हेदेखील आधी विचारून सांगतात.

नेहरू नगर

कॅमेरा बसवायचं काम हायवेलगत नेहरू नगरात, प्रकाशरावांच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये झालं. गॅरेजचे मालक मिश्राजी, तेही या गाडीवेड्यांपैकीच. आजूबाजूला नवी घरं, कोचिंग क्लासच्या पाट्या, त्यामागे अजून धानाची कापलेली शेतं.

आधी कुठला कॅमेरा, यावर वाद. प्रकाशरावांना मोठा हवा होता. "दादा, त्याची कॅसेट डायरेक्ट व्हीसीआरमध्ये लागते. अन् मोठ्याचा फोटो मोठा."

मी समजावलं की चित्र कॅमेऱ्याच्या आकारावर नसतं. मोठा कॅमेरा जड; गाडी वळली की वजन बाहेर ओढणार, पट्टे तुटणार आणि ते धूड कुणाच्या तरी डोक्यात बसणार. हँडीकॅम हलका, आणि त्यावर चढवायला मी एक जास्त रुंद दिसणारं भिंग आणलं होतं. शिवाय त्याचा आपोआप फोकस बंद करता येत होता. तो चालू ठेवला तर कॅमेरा समोरच्या काचेवरची धूळच बघत बसतो. प्रकाशरावांनी भिंग हातात घेऊन फिरवून पाहिलं. "यातून बाजूचंही दिसते काय?" मी म्हणालो, दिसतं. आणि भिंग त्यांच्या हातून परत घेतलं.

मग कुठं बसवायचा. पहिल्यांदा डॅशबोर्डवर, खाली ट्यूबचा तुकडा घालून, रबरी पट्ट्यांनी आवळला. मी शेजारी बसलो, कॉलनीला एक चक्कर मारली आणि पहिल्याच वळणाला हँडीकॅम सरकत येऊन माझ्या मांडीवर पडला. मित्राचा चेहरा आठवून मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. प्रकाशराव म्हणाले, "बचला." मिश्राजी म्हणाले, "कैमरा बचा, भाई साहब को पानी पिलाओ."

दुसऱ्यांदा मागच्या बाजूला. पुढच्या दोन्ही सीटच्या पाठींना आडवी फळी बांधली, त्यावर कॅमेरा. हा निदान पडला नाही. पण टेप मागं नेऊन मी कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावला तर चित्र चाळणीत धान पाखडावं तसं थरथरत होतं. सीटच्या पाठी स्वतःच हलतात, हे कळायला तेवढी चक्कर लागली. शिवाय मागून प्रकाशरावांचे केस तेवढे दिसत होते.

मी म्हणालो, "चालेल की. थोडं हलतंय, पण वळणं समजतात." खरं म्हणजे मला तीच जागा हवी होती. फळी मागं राहिली तर मी पुढं बसू शकत होतो.

प्रकाशरावांनी डोळा लावून पाहिलं आणि मान हलवली. "हे पाहून तर उलटी होईन. मिश्राजी, ये सीट निकालते हैं."

आणि त्यांनी डावी सीट काढली. चार बोल्ट. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्या गाडीच्या तळाला पक्क्या असतात. त्यांच्याच भोकांत लोखंडी अँगलचा एक खांब बोल्टांनी आवळला, वर माझ्या तिपाईचं डोकं, म्हणजे कॅमेरा धरून फिरणारा भाग, बसवलं, मधे स्कूटरची ट्यूब. खांब थोडा मागं होता. त्या भिंगातून उजवीकडे स्टिअरिंग, समोरची जवळजवळ सगळी काच, आणि डोकं थोडं फिरवलं तर प्रकाशरावांचा चेहरा, डाव्या बाजूनं, पुरा. चक्कर मारून आले. चित्र दगडासारखं स्थिर.

इतका पक्का कॅमेरा मी पुढं कधी बसवला नाही, आणि इतका नकोसाही मला कुठला झाला नाही. माझी जागा गेली होती.

"मग मी कुठं बसू?" मी विचारलं.

"दादा, तुम्हाले फोटो पाहिजे का गाडीत बसाचं आहे?" प्रकाशराव हसत म्हणाले. "मागं बसा. पण फेरीच्या वेळी एकट्यानंच चालवाचा नियम आहे."

हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. घरी येऊन वंदनाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. "आता काय करशील," ती म्हणाली. मला तो प्रश्न वाटला. मी जाऊन बॅटऱ्या पुन्हा चार्जिंगला लावल्या.

उतईच्या पुढे

रविवारी सकाळी निघालो. उतई गाव लागतं, छोटा बाजार, सायकलींवर डबे अडकवून ड्युटीवर निघालेली माणसं, मग मोकळी शेतं. धान कापून झालं होतं, नुसती खोडं उरलेली, मधे बांध आणि बांधांवर बाभळी. हवाई पट्टी म्हणजे भेगाळलेलं काँक्रीट, भेगांतून गवत. वळणांवर ड्रम, आणि त्यांच्या मागं पैरा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे गठ्ठे, गाडी सुटली तर अडावी म्हणून.

गावातल्या दोन बायका चूल मांडून चीला करत होत्या, तांदळाच्या पिठाचं धिरडं, सोबत टमाट्याची झणझणीत चटणी. लोक पानावर घेऊन उभ्यानं खात होते. एका बाईनं माझ्या हातातला तसाच राहिलेला चीला पाहून विचारलं, "नई मिठावत हे का, भैया?" आवडलं नाही का, असं. मी घास घेतला. फार चांगला असणार. मला चव आठवत नाही.

मी दोन गोष्टी केल्या. प्रकाशरावांच्या हेल्मेटची पुढची काच काढायला लावली, चकाकी येते म्हणून; ते खरंही होतं. आणि ते मिश्राजींशी बोलत असताना तिपाईच्या डोक्याचा स्क्रू सैल करून कॅमेरा उजवीकडे फिरवला. आता चौकटीत अर्ध्याहून जास्त तेच होते. स्क्रू आवळताना तो दोनदा निसटला.

वंदना दोरीपाशी उभी होती, पल्लवीला शेजाऱ्यांकडे ठेवून आलेली. मी तिच्याजवळ गेलो. "मी जाऊन थांबवतो," म्हणालो. "सरळ सांगतो सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर नोको," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "जा. त्यायले बाजूले घेऊन सांग."

मी वळलो तोवर प्रकाशराव गाडीत बसले होते. पट्टा लावला. कॅमेऱ्याकडे पाहिलं. नीट, सरळ भिंगात पाहिलं. मी खिडकीपाशी पोहोचलो तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं, "चालू केला काय?"

"प्रकाशराव, आज नका जाऊ. मला जरा..."

"लाल लाइट लागला ना?"

लागला होता. निशाण खाली पडलं. गाडी गेली.

पहिली फेरी इतकी सफाईदार होती की लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीही. वंदना माझ्या बाहीचं टोक धरून उभी होती. तिसऱ्या फेरीत गाडी लांबच्या सरळ पट्टीवरून आली. पट्टीच्या टोकाला ब्रेक दाबून डावीकडे वळायचं होतं. मिश्राजी माझ्याशेजारी पुटपुटले, "अब... अब दबाओ..."

ब्रेकचे दिवे लागले नाहीत. गाडी वळली नाही. तशीच सरळ, दोरी धरल्यासारखी सरळ गेली. पैऱ्याचे गठ्ठे उडाले, गाडी काँक्रीटवरून खाली उतरली, शेतात उसळत उसळत गेली आणि बांधाला टेकून थांबली. आवाज फार मोठा झाला नाही. वर पेंढा उडत होता.

आम्ही धावलो. वंदना साडी खोचून सगळ्यांच्या पुढे होती. मी पोहोचलो तेव्हा तिनं दार उघडलं होतं. इंजिन बंद पडलेलं. प्रकाशराव सीटवर होते, ओठ फुटून हनुवटीवर रक्त. उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा हात शर्टाच्या बटणावर.

"अहो," वंदना म्हणाली. "अहो."

त्यांनी डोळे मिचकावले, तिच्याकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं. "ब्रेक नाही लागला," ते म्हणाले.

मिश्राजींनी वाकून पेडल दाबून पाहिलं. ते कडक होतं, म्हणजे ब्रेक शाबूत होता. कॅमेरा खांबावर जागच्या जागी होता आणि लाल दिवा लागलेलाच होता.

प्रकाशरावांना मोहाच्या झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. लोक गाडीभोवती जमले. आम्ही तिघंच राहिलो तेव्हा मी टेप मागं नेली. त्या हँडीकॅमला बाहेर पडदा नव्हता. नखाएवढं काळं-पांढरं चित्र, एका वेळी एकाच डोळ्याला दिसणारं.

मी डोळ्याला लावणार तेवढ्यात वंदनानं माझा हात धरला. "पहिले त्यायले दे."

मी कॅमेरा प्रकाशरावांच्या हातात दिला. कुठलं बटण, ते दाखवलं. त्यांनी डोळा लावला. आम्हाला काही दिसत नव्हतं. फक्त बारीकसा इंजिनचा आवाज आणि त्यांचा दुसरा, मिटलेला डोळा. तो आवाज चढत गेला, चढतच राहिला, मग खडखडाट, मग शांतता, आणि शांततेत वंदनाचं "अहो".

त्यांनी टेप मागं नेली आणि पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा. मग कॅमेरा मांडीवर ठेवला.

"हे किती दिवसापासून आहे?" त्यांनी वंदनाला विचारलं.

"वर्ष झालं."

"असाच दिसतो मी?"

"हो."

मला राहवलं नाही. "प्रकाशराव, कॅमेरा मी तुमच्याकडं वळवला. तुम्हाला न विचारता."

"गाडीत बसल्याबरोबर दिसलं मले," ते म्हणाले. "त्याची काच मोठी आहे ना, माहं तोंडच दिसत होतं त्यात. वळवून टाकू शकत होतो."

"मग कावून नाही वळवला?" वंदनानं विचारलं.

ओठावरचं रक्त त्यांनी हाताच्या पाठीनं पुसलं. "मलेही पाहाचं होतं. कधी कधी शिफ्टमध्ये हुक दुसऱ्याच जागी राहते. मी तिथं नेलेलं आठवत नाही." मग म्हणाले, "मी कोणाले सांगितलं नाही. वाटलं झोप कमी होते."

वंदना रडली नाही. तिनं त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. मिश्राजींनी गाडी ओढून काढली आणि त्यांनीच चालवत आम्हाला घरी आणलं. मी, वंदना, प्रकाशराव तिघंही मागं दाटीनं बसलो, पुढं नुसता खांब.

दवाखाना

दुसऱ्या दिवशी प्रकाशरावांची सकाळची पाळी होती. दवाखान्याआधी ते आपल्या फोरमनकडे गेले आणि आज क्रेनवर चढणार नाही म्हणून सांगून आले. काय कारण सांगितलं, ते आम्हाला सांगितलं नाही. घरी आले तेव्हा पाठीवर घामाचा डाग होता, एवढी थंडी असून.

दवाखान्यात रांगेत बसलो. प्रकाशरावांच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग. वंदना पदराचं टोक गुंडाळत होती, सोडत होती. मधेच मला हळूच म्हणाली, "दादा, नोकरी गेली तर सगळा दोष माह्यावर येईन." मी म्हणालो, माझ्यावरही. त्यानं तिला बरं वाटलं असावं, निदान तिनं पदर सोडला.

डॉक्टर प्रौढ बाई होत्या, हिंदी बोलणाऱ्या, घाईत. वंदना सांगायला लागली तेव्हा त्या लिहीत लिहीतच ऐकत होत्या. मग प्रकाशराव म्हणाले, "मॅडम, आप खुद देख लीजिए," आणि बॅगेतून कॅमेरा काढला.

त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला. बाहेर रांग कुरकुरत होती. त्यांनी एकदा पाहिलं, मला मागं न्यायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं विचारायला लागल्या. लहानपणी ताप, डोक्याला मार, सगळं. ही मिरगीच, म्हणजे फेफरं, पण अंग झटकत नाही अशी, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, रायपूरला तपासणीची चिठ्ठी दिली. पुढं नीट कळेपर्यंत गाडी नाही, स्कूटर नाही, उंचावर काम नाही. म्हणाल्या, बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. बहुतेकांना, हा शब्द वंदनानं घरी येईपर्यंत तीन-चार वेळा म्हणून पाहिला.

नोकरीचं काय झालं, ते मी असेपर्यंत पक्कं कळलं नव्हतं. तूर्त त्यांना त्याच शॉपमध्ये खाली, स्टोअरच्या खिडकीवर बसवलं होतं. पगार कमी होईल का, पुढं क्रेन मिळेल का, कुणी सांगत नव्हतं. पल्लवीला स्टॅच्यूचं काय ते कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं आपणहूनच तो खेळ बंद केला होता. प्रकाशराव गोळी घेताना तिला पाणी आणायला सांगत. एवढंच.

परत

निघायच्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला दोघं आले. मी बॅगांसह रिक्षात. मागून वंदना स्कूटर चालवत होती आणि प्रकाशराव मागं बसले होते. आमच्या पुण्यात हे दृश्य रोजचं. तिथं चौकातल्या पानवाल्यानंही वळून पाहिलं. प्रकाशरावांनी त्याला हात केला.

फलाटावर चहा घेतला. मला नागपूरला एक लग्न शूट करायचं होतं. त्यांनी लोणच्याचा वास येणारी बॅग माझ्या खांद्यावर चढवली, छोटी हातात दिली. टेप मी त्यांच्याकडेच ठेवली होती.

"दादा, काल मी शॉपमध्ये खालून चाललो," प्रकाशराव म्हणाले. "अठरा वर्षांत कधी तसा चाललो नव्हतो. सरळ शिडीनं वर जाचो. काल डोक्यावरून क्रेन गेली तर मी थांबून वर पाहिलं. माह्या जागी दुसरा पोरगा आहे, चांगला आहे."

गाडीची घोषणा झाली. वंदनानं डोळ्यांनीच मला चढायला सांगितलं.

"कितीक वेळ पाहत राहिलो," ते म्हणाले. "वर बसलेल्या माणसाचं तोंड खालून दिसतच नाही."

मी डब्यात चढलो. गाडी हलली तेव्हा प्रकाशराव फलाटावरून वर माझ्या खिडकीकडे पाहत होते.